उलट्या टाक्याची काजं

आमच्या घरात माणसं तीन आणि लाकडी चमचे सात. एक धुण्याच्या पावडरच्या डब्यात असतो, एक पिठाच्या डब्यात, एक मिठाच्या बरणीत. एकानं मी कुंड्यांतली माती उकरते. एक स्वयंपाकघराच्या खिडकीला अडसर म्हणून लावलाय, कारण ती खिडकी वाऱ्यानं आपटते आणि सुताराच्या घरची खिडकी सुतार कधीच दुरुस्त करत नसतो. सहावा शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडलाय. तो मी रागाच्या भरात फेकला होता, आणि शिडी लावून काढायला जावं तर सगळं सांगावं लागेल. सातवा मात्र रोज जेवणाच्या टेबलावर असतो.

हे सगळे चमचे माझ्या नवऱ्यानं केले. तो सुतार. घरामागच्या शेडमध्ये दारं, खिडक्या, टेबलांचे खण असली कामं करतो. दिवसाला वीसेक शब्द बोलतो, त्यातले दहा लाकडाशी. उरलेल्या दहांत मी आणि त्याची बहीण वाटेकरी. ही बहीण म्हणजे माझ्या नणंदबाई, आमच्या ताई. नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन टाकून चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले.

मी लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम करते. आणि बोलते. दोन्ही कामं मला चांगली जमतात, असं माझं मत आहे. ताईंचं मत वेगळं होतं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "धाकट्या, बायको चांगली आहे, पण हिच्या तोंडाला बटण लावायला विसरलेत." मी दाराआडच होते. तेव्हापासून आमचं जे सुरू झालं ते बावीस वर्षं चाललं. भांड्याला भांडं लागायचं, पण माझ्या अंगावर त्यांनी शिवलेल्या कपड्याखेरीज दुसरा कपडा कधी नव्हता, हेही तितकंच खरं.

ताईंच्या खोलीत भिंतीवर एक मोठा खिळा आहे. त्यावर मापाचे कागद टांगलेले. कॉलर, बाही, खिसा, ज्याच्या त्याच्या मापाचे जाड कागदाचे तुकडे, भोक पाडून ओवलेले, आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं कुणाचं माप ते लिहिलेलं. 'आई' असे कागद माझ्या सासूबाईंच्या माघारीही तिथेच होते. नवऱ्याचे 'धाकटा'. माझ्या कागदांवर 'धाकट्याची बायको'. बावीस वर्षं मी तीच. एकदा मी म्हटलं, "ताई, मला नाव आहे." तर म्हणाल्या, "मला कापड कापताना कोण ते कळलं म्हणजे झालं."

गेल्या वर्षी एके सकाळी त्या पडद्याचं कापड कापत होत्या. हातातून कात्री पडली. उचलायला वाकल्या आणि तिथेच बसल्या. दवाखाना, औषधं, महिनाभर पलंग. पाय सावरला. जीभ आठवड्याभरात ताळ्यावर आली, डॉक्टरांना पहिलं वाक्य काय तर, "तुमच्या कोटाची शिवण उसवलीय." उजवा हात तेवढा परतला नाही. मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी राहायचा.

घरी आल्या त्या संध्याकाळी मी सूप केलं, बटाटे उकडले, धुतलेला टेबलक्लॉथ घातला. त्यांना आमच्यात बसवलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगितलं होतं की उजव्याच हातानं जेवू द्या, तोच व्यायाम. ताईंनी कसाबसा चमचा धरला, तोंडाशी आणला, आणि हात मध्येच वळला. सूप टेबलावर, गाऊनवर, पाण्याच्या पेल्यात. आणि मी, जिला गप्प बसायला आजवर कुणी शिकवलं नाही, मी पटकन बोलून गेले, "अहो ताई, टेबलक्लॉथ आजच धुतलाय!"

रागानं नव्हते म्हणाले. रोज म्हणते तसंच म्हणाले. पण शब्द तोंडातून सुटला तो सुटला. ताईंनी चमचा खाली ठेवला, नॅपकिननं गाऊन पुसला आणि उठून खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून, "माझं ताट आत दे, आणि दार लावून घे." मी माती खाल्ली होती हे मला कळत होतं. माफी मागायला तीनदा दारापर्यंत गेले. एरवी पाण्याच्या नळासारखी चालणारी माझी जीभ तिन्ही वेळा कोरडी पडली.

ताट आत जायचं आणि अर्ध्या तासानं बाहेर यायचं. रिकामं, स्वच्छ. ट्रेवर एक थेंब नाही, नॅपकिनला डाग नाही. मला वाटलं, बाई जेवत नाहीत, खिडकीतून टाकतात. एकदा त्या न्हाणीघरात गेल्यावर मी खिडकीतल्या कुंडीतली माती हुंगून पाहिली. मातीला मातीचाच वास होता.

इकडे नवऱ्यानं चमचे करायला घेतले.

त्याची कामाची एक रीत आहे. दाराची मूठ असो, खणाची असो, करवतीची असो, ज्यानं ती धरायची त्याच्या हातात तो आधी पुट्टीचा गोळा देतो. काचा बसवायची मऊ पुट्टी. "धरा," म्हणतो. माणूस धरतो, गोळ्यावर बोटं उठतात, आणि त्या उठलेल्या बोटांवरून हा लाकूड कोरतो. टेप लावत नाही. म्हणतो, टेप लांबी सांगते, हात काय ते सांगत नाही. गल्लीतल्या म्हातारबाबांच्या काठीची मूठ त्यानं अशीच केली. ते म्हणतात की काठी आता त्यांना हाताला धरून नेते.

तर तो पुट्टीचा गोळा घेऊन ताईंच्या खोलीत गेला आणि त्यांच्या उजव्या हातात दिला. त्या हातानं जेवढा धरवला तेवढा धरला. पहिला चमचा जाड दांड्याचा झाला, दुसरा वाकड्या मानेचा, तिसऱ्याला बोटं अडकवायला खाचा. ताईंनी प्रत्येक चमचा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "छान झालाय, धाकट्या."

इथेच मी काय ते ओळखलं. ताईंनी आयुष्यात कुणाच्या कामाला छान म्हटलेलं नाही. आवडलं तर म्हणायच्या, "चालेल." छान म्हणाल्या म्हणजे समजावं, काम गेलं. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी चमचा ट्रेवर जसाच्या तसा परत. सूप संपलेलं, लाकूड कोरडं. नवरा तो उचलायचा, बोटानं चाचपायचा आणि पुन्हा गोळा घेऊन आत जायचा. असे सहा झाले.

सहावा परत आला त्याच दिवशी मला ताईंच्या मशीनवर तो अर्ज दिसला.

गावाच्या पलीकडच्या टोकाला ज्येष्ठांचं निवास आहे, तिथला. चार पानांचा, जाड कागदाचा. नाव, वय, आजार, जवळचे नातेवाईक. पोस्टानं आला होता. ताईंनी फोन करून मागवला होता, आम्हाला न सांगता. एक तारखेला खोली रिकामी होणार होती, सकाळी दहाला गाडी येणार होती. मला हातात अर्ज धरलेली पाहून त्या म्हणाल्या, "सही होत नाही मला. विचारून ठेव, अंगठा चालतो का."

"ताई, हे काय?"

"ज्याला चारचौघांत जेवता येत नाही त्यानं कुणाच्या घरात दार लावून किती दिवस जेवायचं? तुलाही बरं, धाकट्यालाही बरं."

मी स्वयंपाकघरात आले आणि सहावा चमचा खिडकीबाहेर भिरकावला. मला वाटत होतं की हे सगळं माझ्यामुळे. चाळीस वर्षं ज्या खोलीत बसल्या, ती खोली बाई सोडून चालल्या होत्या, माझ्या एका टेबलक्लॉथपायी. आणि महिना संपायला दोनच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी कामावर जाताना नवऱ्याचा चांगला शर्ट घेऊन गेले. ताईंनी शिवलेला, सहा वर्षांपूर्वीचा. त्याचं वरून दुसरं काज उसवलं होतं, बटण राहत नव्हतं. आमच्या लाँड्रीत काजं-बटणं आणि रफू करायला एक बाई बसते, सगळे तिला बटणवाली म्हणतात. तिला म्हटलं, जरा एवढं करून दे. तिनं शर्ट उलटा करून काजं पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"हे मी कधी शिवलं?" ती म्हणाली.

"तू नाही शिवलंस. आमच्या ताईंनी."

"काहीतरीच! टाका माझा आहे. हा बघ, तिरका कुठे झुकलाय ते. गाठ कोणत्या अंगाला बसलीय ती बघ. सगळ्यांचा असा जातो, माझा असा."

"अगं, ताईंचा टाका आहेच उलटा," मी म्हटलं. "घरात सगळ्यांना माहितीये. आम्ही कौतुकानं सांगतो लोकांना. ताईंचं सगळंच उलटं, तसा टाकाही उलटा."

बटणवालीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं सुई उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली. डाव्या हातात. गेली अकरा वर्षं ती माझ्या शेजारी बसून डाव्या हातानं शिवतेय आणि मी ते अकरा वर्षं पाहतेय.

"उलटा नाही गं बाई," ती म्हणाली. "तुझ्या ताई डावखुऱ्या आहेत."

मी हसले. म्हटलं, शक्यच नाही, ताई उजव्या हातानं लिहितात, कापतात, जेवतात. म्हणजे जेवायच्या. आणि तिथेच माझं हसणं थांबलं. स्वच्छ ट्रे डोळ्यांपुढे आला. डाग नसलेला नॅपकिन. लावलेलं दार. सहा उजवे चमचे. कपड्याची उलटी बाजू पाहून माणूस ओळखते म्हणून मी चार बायकांत मिरवते. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो माझ्याच काखेत होता. बावीस वर्षं मी ताईंनी केलेली काजं इस्त्री करत होते.

"करू का काज?" बटणवालीनं विचारलं. "माझा टाका बेमालूम बसेल."

"नको," मी म्हटलं आणि शर्ट घेऊन दुपारीच घरी आले.

वाटेत मी दहा वाक्यं जुळवली. दारापाशी येईपर्यंत दहाही निकामी वाटली. असं कसं विचारायचं कुणाला, की बाई, तुम्ही आतमध्ये डाव्या हातानं जेवता का? मग मी दार वाजवलं, आत गेले आणि मला जे येतं ते केलं. भांडण काढलं.

"ताई, या शर्टाचं काज मी करते. बाकी पाच उलटी आणि एक सरळ दिसेल, पण कोण बघतंय?"

"माझ्या शर्टाला हात लावून तर बघ," ताई म्हणाल्या.

"मग करणार कोण? असाच घालू दे त्याला, छाती उघडी टाकून?"

"मी कशी करणार? दिसत नाही तुला?"

मी मशीनच्या खणातून पांढरा दोरा काढला, सुईत ओवला, गाठ मारली. शर्ट त्यांच्या मांडीवर पसरला. सुई मशीनवर ठेवली, त्यांच्या डाव्या हाताशी. आणि मग मी स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"हे काय नवीन?"

"मी बघत नाही," मी म्हटलं. "बोलणारही नाही."

"तू?"

"मी."

माझ्यासमोर तो खिळा होता. मी कागद वाचत बसले. आई, बाही. धाकटा, कॉलर. धाकट्याची बायको, खिसा. कितीतरी वेळ मागून काही आवाज आला नाही. वाटलं, आता त्या मला बाहेर काढणार, आणि उद्याच गाडी बोलावणार. मग खुर्ची करकरली. मग कापडातून दोरा ओढल्याचा आवाज आला, सुर्र. थोडं थांबून पुन्हा, सुर्र. सात टाके मी मोजले आणि मग मला समोरचे कागद दिसेनासे झाले.

"फिर इकडे," ताई म्हणाल्या. "नाक ओढतेस त्यानं माझा टाका चुकतोय."

मी फिरले. उजवा हात त्यांनी कापडावर वजनासारखा ठेवला होता. डावा हात काम करत होता. झरझर, न अडखळता, टाक्याला टाका लावून. मी ताईंना बावीस वर्षं शिवताना पाहिलं होतं, पण एवढं सहज शिवताना कधी पाहिलं नव्हतं.

"काजं तुम्ही नेहमी दार लावून करायच्या," मी म्हटलं.

"नाजूक काम. ते याच हातानं नीट होतं." त्यांनी दोरा दातानं तोडला. "लहानपणी आई माझा डावा हात खुर्चीच्या पाठीला नाडीनं बांधायची. जेवताना, लिहिताना. शाळेतल्या बाई छडी मारायच्या त्या वेगळ्या. आई वाईट नव्हती गं. तिला भीती वाटायची. म्हणायची, चारचौघांत हा हात पुढे आलेला दिसला तर लोक म्हणतील हिला वळण नाही. धाकटा झाला तोवर मी सरळ झाले होते. त्याला काही ठाऊक नाही."

"मग आता तरी! आता उजवा चालत नाही, तर डाव्यानं जेवलात म्हणून कोण काय म्हणणार होतं?"

"साठाव्या वर्षी? तुमच्यासमोर?" त्या शर्टाकडे बघत म्हणाल्या. "मला कपडे काढून बसल्यासारखं वाटतं. आणि तो पोरगा चमच्यावर चमचे करतोय उजव्या हाताचे. त्याला कसं सांगू, की मी आयुष्यभर तुझ्यासमोर खोटं जेवले? तिथे निवासात मला कुणी ओळखत नाही. तिथे मी पहिल्या दिवसापासून डावखुरीच असेन."

म्हणजे टेबलक्लॉथ नव्हता तर. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाईंना स्वतःच्या हातानं जेवायला अनोळखी माणसांत जावं लागत होतं, हे त्या टेबलक्लॉथपेक्षा वाईट होतं.

"ताई," मी म्हटलं, "ओळखत तर आम्हीही नव्हतो. आजच ओळख झाली. लगेच कुठे निघालात?"

मग मी एकदाची माफी मागितली, त्या दिवशीच्या बोलण्याची. ताई म्हणाल्या, "तू बोलली नसतीस तरी मी उठलेच असते. पण लागलं होतं." आणि शर्ट माझ्या अंगावर टाकला. "इस्त्री नीट कर. कॉलर नेहमी चुरगळतेस."

अर्ज मात्र कात्रीखाली तसाच होता.

शेडमध्ये जाऊन मी नवऱ्याला सांगायला लागले. नेहमी माझी गोष्ट लाँड्रीच्या दारापासून सुरू होते, पण त्या दिवशी मी दोनच शब्द बोलले. "डावा हात." मग मी शर्टाचं काज दाखवलं, बटणवाली काय म्हणाली ते सांगितलं, नाडीचं सांगितलं. तो पाटावर बसला. हातातला रंधा त्यानं बाजूला ठेवला, तो थेट पात्यावर ठेवला, आणि पात्याची धार अशी घालवणारा माणूस नाही तो, इतकं मला पुरे होतं. मग म्हणाला, "सहा वेळा गोळा दिला मी तिला. एकदाही विचारलं नाही, कुठल्या हातात देऊ."

तो पुट्टी घेऊन ताईंच्या खोलीत गेला. मी दाराआड उभी राहिले, सवयीनं. त्यानं काही विचारलं नाही, समजावलं नाही. गोळा पुढे केला आणि हात तसाच धरून उभा राहिला. ताईंनी माझ्या दिशेनं दाराकडे एक जळजळीत नजर टाकली. मग डावा हात पुढे केला आणि गोळा घट्ट आवळला. पाचही बोटं खोल उठली.

पुढचा अख्खा दिवस शेड आतून बंद होती. गिऱ्हाईक येऊन परत गेलं. जुन्या चौकटीचा एक तुकडा त्यानं त्यासाठी काढला होता, चांगला मुरलेला. संध्याकाळी तो आला आणि चमचा त्यानं तेल लावून पुसून टेबलावर ठेवला. ताईंच्या बशीच्या डाव्या बाजूला. महिन्याची शेवटची तारीख होती. मी सूप केलं. टेबलक्लॉथ घालावा की घालू नये यावर मी दहा मिनिटं घालवली, शेवटी घातला. ताईंच्या दाराशी जाऊन म्हटलं, "ताट आत देऊ की बाहेर वाढू?"

ताई बाहेर आल्या. खुर्ची ओढून बसल्या. चमच्याकडे बघत राहिल्या. सूपची वाफ संपत आली. मी जीभ दातांखाली धरली होती, अक्षरशः, दुखत होती. नवरा खाली बघत होता. मग ताईंनी डावा हात मांडीवरून उचलला, टेबलावर आणला, आणि चमचा धरला. बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. त्यांनी सूप भरून घेतलं, तोंडाशी नेलं, प्यायल्या. एक थेंब सांडला नाही. दुसरा चमचा. तिसरा. मध्येच थांबून त्यांनी दांडा अंगठ्यानं चाचपला.

"चालेल," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, "आई चुकली, ताई."

आमच्या घरात आईंबद्दल असं कधी कुणी बोललेलं नव्हतं. त्यानं तर नाहीच. ताईंचा हात क्षणभर वाडग्यावरच राहिला.

"जेव," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "सूप गार होतंय."

आणि मी, मी बिचारी काही न बोलता माझा चमचा उचलायला गेले. डोळे भरून आले होते, समोरचं दिसत नव्हतं. वाडगा कलंडला आणि माझं सगळं सूप टेबलभर पसरलं.

ताईंनी पसरणाऱ्या सूपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं," त्या म्हणाल्या, "टेबलक्लॉथ आजच धुतलाय ना?"

आम्ही तिघंही हसलो. ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण अर्जाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. एक वेळचं जेवण झालं म्हणजे घर ठरलं असं थोडंच असतं.

सकाळी मी चहा टाकला तेव्हा कुठूनसा कच-कच आवाज येत होता. मला वाटलं, नवरा शेडमध्ये काहीतरी कापतोय. नऊ वाजले, साडेनऊ झाले. दहाला गाडी येणार होती. शेवटी मी ताईंच्या खोलीत गेले. त्या खिडकीशी बसून चहा पीत होत्या, डाव्या हातानं, दार उघडं टाकून. मशीनवर कात्री होती. कात्रीखाली काही नव्हतं.

"ताई, अर्ज?"

"ही कात्री मेली उजव्या हाताची आहे," त्या म्हणाल्या. "डाव्यानं नीट चालत नाही. धाकट्याला सांग, डाव्या हाताची कुठे मिळते ते बघायला."

"अहो पण अर्ज कुठाय? माणसं येतील."

"फोन केलाय त्यांना मघाशीच. येत नाहीत." त्यांनी कपानंच भिंतीकडे खूण केली. "कागद चांगला जाड होता. वाया का घालवायचा?"

मी खिळ्यापाशी गेले. सगळ्यात वर नवे कागद ओवलेले होते. अर्धी कॉलर, एक कफ, एक खिसा. कडा दातेरी झाल्या होत्या. कॉलरीवर छापलेलं दिसत होतं, 'अर्जदाराचे संपूर्ण ना', आणि पुढचं कापून गेलेलं. कडेला पेन्सिलीनं, पहिलीतल्या पोरीच्या अक्षरात, कुठे मोठं कुठे बारीक, कुणाचं माप ते लिहिलं होतं. मी 'धाकट्याची बायको' शोधत होते, म्हणून मला वाचायला वेळ लागला.

लिहिलं होतं, 'आमची तोंडाळ'.

मी तो कागद हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि पोटभर रडले. मग डोळे पुसले, वळले आणि म्हणाले, "ताई, तोंडाळ कुणाला म्हणता हो?"

"मला कापड कापताना कोण ते कळलं म्हणजे झालं," ताई म्हणाल्या. "हात वर कर. माप घ्यायचंय."